टँकरच्या मध्येच डिमॅट: 'रहिवासी, ए-बी-सी विंग' ग्रुपवरची रविवार दुपार

मृणाल (सी-३०२): टँकरच्या चर्चेत वेगळाच विषय घुसवतेय, सॉरी. डिमॅट खातं, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, उघडायचंय. दर महिन्याला पाचेक हजारांचे शेअर घ्यायचे आणि ठेवून द्यायचे, रोजची खरेदी-विक्री नाही. सगळ्यात कमी पैसे घेणारं ॲप कुठलं? पगार जमा होतो ती बँक म्हणते आमच्याकडेच उघडा.

ओंकार (सी-७०४): झेरोधा. डोळे झाकून.

सायली (ए-१०१): ग्रो सोपं आहे. माझ्या आईलाही जमतं.

अजितकाका (बी-२०१): डोळे झाकून काहीही उघडू नये रे ओंकार. मृणाल, बँकेचं दरपत्रक मागितलंस का?

मृणाल: हो काका. डिलिव्हरीला, म्हणजे शेअर घेऊन ठेवले तर, ब्रोकरेज (दलाली) ०.५० टक्के लिहिलंय. अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही, असं मला वाटलं.

अजितकाका: कागद-पेन घे. ५,००० वर अर्धा टक्का म्हणजे २५ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ४ रुपये ५०. झाले साडेएकोणतीस. वर्षात बारा खरेद्या, म्हणजे ३५४ रुपये. विकताना पुन्हा तेच. झेरोधावर डिलिव्हरीला २०१५ पासून ब्रोकरेज शून्य आहे. ग्रोवर ०.१ टक्का, जास्तीत जास्त २० रुपये. तुझ्या पाच हजारांना पाच रुपये आणि वर जीएसटी. पण सरकारचं कुणालाच चुकत नाही. एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावरचा कर, ०.१ टक्का, घेताना पाच रुपये, विकताना परत. घेताना स्टॅम्प ड्यूटी ०.०१५ टक्के, म्हणजे ७५ पैसे. जाहिरातीत 'फुकट' लिहिलेलं असलं तरी कॉन्ट्रॅक्ट नोटवर, म्हणजे सौद्याच्या बिलावर, हे दिसणारच. तेव्हा फसवलं म्हणून मला फोन करू नकोस.

सुनंदाकाकू (बी-४०३): अगं बाई, एवढा हिशोब? आमची भिशी बरी.

सायली: काका, विकतानाचा डीपी चार्ज राहिला, डिमॅटमधून शेअर बाहेर काढायचं शुल्क. दिवाळीत मी हजार-हजारांचे चार वेगवेगळे शेअर एकाच दिवशी विकले. प्रत्येकी सोळाएक रुपये कापले. चार हजारांवर चौसष्ट! 😀

अजितकाका: बरोबर. तो कंपनीमागे, दिवसामागे एकदा लागतो. एक शेअर विक नाहीतर शंभर, रक्कम तीच. म्हणून दोन-दोन, पाच-पाच शेअर रोज थोडे थोडे विकायचे नाहीत.

सेक्रेटरी: टँकर ४ वाजता येणार आहे. बी विंगसमोरची लाल ॲक्टिव्हा कुणाची? कृपया हलवा.

ओंकार: मृणालताई, वर्षाचा एएमसी, म्हणजे खातं सांभाळायचा खर्च, तो पण बघ. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या नियमाप्रमाणे १ सप्टेंबर २०२४ पासून बेसिक (छोट्या गुंतवणूकदारांच्या) डिमॅटमध्ये ४ लाखांपर्यंतचे शेअर असतील तर एएमसी शून्य, ४ ते १० लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये. पण तुझ्या नावावर एकच डिमॅट हवं. बँकेत एक, ॲपवर एक असं करून ठेवलंस तर ही सवलत गेली.

मृणाल: अय्या, मी दोन्हीकडे उघडणार होते. आवडेल ते ठेवायचं म्हणून.

अजितकाका: साड्या नाहीत त्या.

मृणाल: 😂 पण काका, ॲपवाली कंपनी बुडाली तर? बँकेचा निदान भरवसा वाटतो.

अजितकाका: हा प्रश्न खरा. आमच्या वेळी कुमठेकर रस्त्यावर पुणे शेअर बाजार होता. दलालाकडे जायचं, कागदी सर्टिफिकेट घ्यायचं, सही जुळली नाही की परत यायचं. एकदा माझ्या 'जि'ची वेलांटी वेगळी पडली म्हणून सहा महिने हेलपाटे घातले. असो. आता तुझे शेअर दलालाकडे नसतातच. ते सीडीएसएल नाहीतर एनएसडीएल या डिपॉझिटरीत, म्हणजे शेअरच्या कोठारात, तुझ्या नावावर असतात, ॲप हे फक्त दार. तरीही २०१९ मध्ये कार्वी या दलाल कंपनीनं ग्राहकांचे शेअर गहाण टाकून कर्ज काढलं होतं, कारण ग्राहकांनी सही करून दिलेली पॉवर ऑफ ॲटर्नी (मुखत्यारपत्र) त्यांच्या हातात होती. त्यानंतर नियम आवळले. आता विकताना सीडीएसएलचा टीपिन, म्हणजे तुझा गुप्त क्रमांक, टाकावा लागतो आणि मोबाइलवर ओटीपी येतो. दोन्ही कुणाला सांगायचे नाहीत, दलालाच्या माणसालाही नाही. आणि डिपॉझिटरीचं स्टेटमेंट थेट तुझ्या ईमेलवर येतं, ते ॲपशी ताडून बघत जा.

सुनंदाकाकू: मला परवा कुणीतरी एका शेअरच्या ग्रुपात टाकलं. दीड महिन्यात पैसे दुप्पट म्हणे. एक ॲप घ्यायची लिंक पण आहे.

अजितकाका: वहिनी, तो ग्रुप आत्ताच्या आत्ता सोडा!! काही भरलं तर नाही ना?

सुनंदाकाकू: नाही हो. यांनी फोनच काढून घेतला.

ओंकार: काकू, पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. आणि दलालाला यूपीआयनं पैसे भरताना त्याच्या आयडीत 'व्हॅलिड' शब्द असतो का बघायचं, सेबीनं ऑक्टोबर २०२५ पासून ती सोय केली आहे.

अजितकाका: ओंकार, तुला एवढं कळतं, मग गेल्या वर्षी काय झालं होतं ते सांग की तिला.

ओंकार: काका 🙈

ओंकार: बरं, सांगतो. मीही स्वस्त म्हणूनच खातं उघडलं होतं. ऑप्शनला, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्याला, ऑर्डरमागे फक्त २० रुपये. हिंजवडीच्या बसमध्ये बसून सौदे करायचो. दिवसाला तीस ऑर्डर झाल्या की सहाशे रुपये नुसतं ब्रोकरेज, वर जीएसटी. तीन महिन्यांत ४० हजार गेले, त्यातलं बरंचसं या 'फक्त वीस'मध्येच. सेबीचा २०२४ चा अहवाल नंतर वाचला. तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात. मी त्या गर्दीत उभा.

सायली: बायकोला कळलं का?

ओंकार: ती या ग्रुपवर आहे.

पूजा (सी-७०४): आत्ता कळलं.

सेक्रेटरी: लाल ॲक्टिव्हा!!

मृणाल: 😬 मग मी नक्की काय करू?

अजितकाका: महिन्याला पाच हजारच घालणार असशील तर झेरोधा आणि ग्रोमधला फरक वर्षाला सत्तरेक रुपये, अमृततुल्यचे पाच-सहा चहा. तेवढ्यासाठी डोकं शिणवू नको, वापरायला जे सोपं वाटेल ते घे. बँक मात्र नको. फॉर्म भरताना एक बघ, एफ अँड ओ विचारतील, तिथे टिक करायची नाही. नॉमिनी लगेच भर, नंतर राहून जातं.

ओंकार: आणि पहिला शेअर सकाळी सव्वानऊला घेऊ नको ताई. बाजार उघडतो तेव्हा भाव उड्या मारतात. माझं ॲप तर त्या वेळी दोनदा लटकलं होतं.

मृणाल: ठीक. आत्ताच सुरू केलं. काका, पॅनवर माहेरचं नाव आहे आणि बँकेत सासरचं. चालेल ना?

अजितकाका: नाही चालणार, केवायसीत अडकेल. आधी एक नाव ठरव आणि पॅन, आधार, बँक तिन्हीकडे तेच कर. पंधरा-वीस दिवस धर.

सुनंदाकाकू: ठेव गं माहेरचंच.

मृणाल: लाल ॲक्टिव्हा माझीच आहे. खाली येतेय 🙏