मदत हवी आहे : समाजशास्त्राच्या माजी विद्यार्थ्यांच्या बातम्या कशा जमवायच्या?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात राहते. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागातून एम.ए., पीएच.डी. केलेल्या आपल्या ठाणे-नवी मुंबईकडच्या लोकांचं बातमीपत्र काढायचं मनात आहे.

विभाग १९१९ चा. पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केलेला, पुढे गो. स. घुर्ये यांनी घडवलेला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई हे घुर्यांचेच विद्यार्थी. ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. पण काल-परवा बाहेर पडलेल्यांचं काय? कोणी नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास होऊन कॉलेजात लागलं, कोणी वस्त्यांमध्ये काम करतंय, कोणाचा प्रबंध पुस्तकरूपात आला. माझ्या मते हेही तितक्याच मानाने छापलं पाहिजे.

प्रबंधांची नावं शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात मिळतात, पण माणूस पुढे कुठे गेला ते तिथे कळत नाही. तर, तुमच्या कॉलेजात अशी माहिती कशी गोळा करतात? गूगल फॉर्म पुरतो की फोनच करावे लागतात? नेमणुकीची बातमी छापण्याआधी पत्र बघायला मागावं का? आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींना कसं शोधायचं? त्याच सर्वांत जास्त निसटतात, म्हणून हे आधी सांगा.