झुंबा नको, वेळेवर सोडा

ऐरोलीत_अडकलेला: काल इथे कोणीतरी लिहिलं की कंपन्या वेलनेस वीक ठेवतात, फुकट झुंबा, स्टेप चॅलेंज, तरी लोक फिरकत नाहीत म्हणजे आपली माणसंच आळशी. वाचून डोकं फिरलं. आमच्याकडे स्ट्रेसवरचं सेशन ठेवलं ते संध्याकाळी साडेसहाला, कंपल्सरी, आणि त्याच रात्री अमेरिकेचा कॉल साडेदहापर्यंत. त्या बाई म्हणाल्या डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या, मी चक्क घोरायला लागलो. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त राबलं की स्ट्रोकचा धोका ३५ टक्क्यांनी वाढतो हे डब्ल्यूएचओनेच २०२१ ला सांगितलंय. त्याला औषध झुंबा?

एचआरवाली: ती पोस्ट माझीच. आळशी शब्द जरा जास्त झाला, मान्य. पण आमच्या शुगर तपासणीत एका चौतीस वर्षांच्या मुलाची ३१० निघाली, त्याला पत्ताच नव्हता. तेही नाटकच का? आणि डेडलाइन क्लायंट ठरवतो, शिव्या आम्ही खायच्या.

घोडबंदरग्रस्त: ऑफिसचं सोडा हो, प्रवासाचं बोला. घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीहून ठाणे स्टेशनला कधीकधी दीड तास, मग दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून लोकलला लटकत घणसोली. स्टेप चॅलेंज मी पुलावरच जिंकतो.

दिघेकर: घोडबंदरला घर घ्यायला कोणी सांगितलेलं? आम्हाला दिघ्यातच २०२४ ला स्टेशन मिळालं, दहा मिनिटांत ठाणे.

घोडबंदरग्रस्त: मेट्रो येतेय म्हणून बिल्डरने गळ्यात मारला, हप्ते अजून चालूयत. तुमचा सल्ला त्यावेळी कुठे होता?

दिघेकर: बिल्डरवर विश्वास ठेवला तो ठेवला, वर आमच्यावर कशाला खेकसताय!

रबाळे_सेकंड_शिफ्ट: झालं का एसीतलं भांडण? आमच्या शेडमध्ये बायकांना एकच टॉयलेट, त्याचीही कडी तुटलेली, एकीने दार धरायचं तेव्हा दुसरीने जायचं. म्हणून शिफ्टभर कोणी पाणीच पीत नाही, मला दोनदा इन्फेक्शन झालं. त्यात पगार २१ हजारांच्या वर सरकला आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, गेला, म्हणजे वाढ मिळाली सातशे आणि औषधं आता खिशातून. वुमेन्स डेला गुलाब मात्र न चुकता देतात.

एचआरवाली: ताई, यावर काय बोलू. आमच्याकडे निदान कड्या आहेत.

ऐरोलीत_अडकलेला: चला, कड्यांबद्दल एचआरचे जाहीर आभार. आता ते सेशन तेवढं कामाच्या वेळेत घ्या.

एचआरवाली: पुढचं दुपारी ठेवलंय.

ऐरोलीत_अडकलेला: दुपारी म्हणजे जेवणाच्या सुट्टीत ना?

एचआरवाली: …डबा आणला तरी चालेल.