वालचंदची संगणक शाखा मिळण्याची शक्यता किती?

बारावीचा विद्यार्थी, राजारामपुरी : मला अकरावीत ७८ टक्के होते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेला प्रवेश मिळावा अशी इच्छा आहे. परंतु सीईटीच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या) सराव चाचण्यांत २०० पैकी ११० च्या पुढे मजल जात नाही आणि गणिताला वेळ पुरत नाही. आशा धरावी का?

माजी विद्यार्थी : अकरावीचे टक्के येथे कोणी विचारत नाही. बारावीत ठरावीक तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के पुरतात; पुढचे सारे सीईटीच्या पर्सेंटाइलवर, म्हणजे इतर परीक्षार्थींच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात यावर. स्पष्टच सांगायचे तर ११० गुणांवर ही शाखा कठीण आहे. मात्र गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे असल्याने निम्मे गुण तेथेच आहेत, त्यासाठी ९० मिनिटे स्वतंत्र मिळतात आणि उणे गुण नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्याचे कारण नाही. अकरावीच्या धड्यांवर साधारण २० टक्के प्रश्न येतात; ते बहुतेक जण (आमच्या वर्गासकट) वाऱ्यावर सोडतात.

एक पालक, कागल : प्रवेशासाठी महाविद्यालयांचे पर्याय भरताना घाबरून घराजवळचे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकू नका, कारण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का होतो. वालचंद, मग कराडचे शासकीय, मग आपले कोल्हापूरचे केआयटी महाविद्यालय, असा क्रम मला योग्य वाटतो. राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जात वैधतेचा प्रस्ताव आत्ताच महाविद्यालयामार्फत द्या.

बारावीचा विद्यार्थी : आभारी आहे. प्रस्तावाची चौकशी सोमवारीच करतो.