गुलाबाचे डोळे भरताना: आपल्या भागातील अनुभव

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी या भागांत ज्यांनी घरच्या घरी गुलाबाचे डोळे भरले आहेत, म्हणजे एका गुलाबाच्या फांदीवरचा डोळा (पानाच्या बगलेतला कोंब) काढून दुसऱ्या गुलाबाच्या सालीखाली बसवून कलम केले आहे, त्यांनी आपले अनुभव लिहावेत अशी विनंती आहे. खानापूरकडे तांबडी माती आणि मुसळधार पाऊस, तर चिकोडी-निपाणीकडे काळी जमीन आणि बेताचा पाऊस. त्यामुळे दुसऱ्या गावी जमलेली रीत इथे तशीच लागू पडते असे नाही. फसलेल्या प्रयत्नांबद्दल अवश्य लिहावे. सुरुवात मी करतो.

टिळकवाडी, बेळगाव

पहिल्या वर्षी मी आठ खुंटांवर (ज्या मुळे धरलेल्या रोपावर डोळा बसवतात, तो खुंट) ‘ग्लॅडिएटर’ या जातीच्या गुलाबाचे डोळे भरले आणि आठही काळे पडले. तो जुलै महिना होता. पावसात सगळे जगते, या समजुतीने मी तो निवडला होता. प्रत्यक्षात डोळ्याभोवती बांधलेल्या पट्टीच्या आत पाणी शिरून डोळे कुजले. पुढच्या वर्षी डिसेंबरात पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा अडचण निराळी होती. खुंटाला चार दिवस पाणी घातले नव्हते, त्यामुळे साल लाकडाला घट्ट चिकटून राहिली आणि ती सोडवताना फाटली. आता मी डोळा भरण्याआधी आठवडाभर खुंटाला नियमित पाणी देतो आणि कामाच्या दिवशी आधी एका बाजूच्या फांदीवर लहानशी चीर देऊन पाहतो. साल अलगद सुटली आणि खालचे लाकूड ओलसर, चकचकीत दिसले, तरच चाकू खुंटाला लावतो. नाहीतर काम आठ दिवस पुढे ढकलतो. माझ्या मते अर्धे यश या एका तपासणीत आहे.

डोळकाडी, म्हणजे जिच्यावरून डोळे काढायचे ती काडी, मी नुकतेच फूल गळून गेलेल्या फांदीची घेतो. काटा आडवा दाबल्यावर कट्कन तुटला, तर फांदी योग्य वयाची समजावी. पाने कापून देठाचा सेंटिमीटरभर भाग ठेवावा, म्हणजे डोळा त्या देठाला धरून हाताळता येतो आणि सालीच्या आतल्या बाजूला बोट लागत नाही. साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची ढालीच्या आकाराची साल काढली की तिच्या मागचा लाकडाचा पापुद्रा सोडवायचा असतो. इथे फार सांभाळावे लागते. पापुद्रा ओढताना डोळ्याचा गाभा त्याच्याबरोबर निघून आला, तर मागे बारीक खळगा दिसतो. असा डोळा हिरवा राहिला तरी कधीच फुटत नाही. मी असे कितीतरी डोळे नकळत बांधले आणि महिनाभर वाट पाहिली. मग खुंटावर जमिनीपासून चार बोटांवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देऊन डोळा आत सरकवावा, वर उरलेली साल आडव्या चिरेशी जुळवून कापावी आणि डोळा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावे.

खानापूर

आपण पावसाला दोष दिलात, पण माझ्या अनुभवात पावसाचे कामच वेगळे आहे. मृगाचा पाऊस सुरू झाला की मी खुंटाच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या लावते. बिनकाट्याचा मल्टिफ्लोरा हा खुंटासाठी वापरला जाणारा गुलाब आमच्या तांबड्या मातीत चांगला मुळे धरतो. दिवाळीनंतर त्या काड्यांचे खुंट डोळा भरण्याजोगे होतात. पावसाने खुंट तयार करावेत आणि थंडीत डोळे भरावेत, असे दोन हंगाम मानले की घाई होत नाही.

चिकोडी

खानापूरच्या ताईंनी सांगितलेला मल्टिफ्लोराच मी आणला होता. डोळे लागले, फुलेही आली. परंतु दुसऱ्या वर्षी पाने पिवळी पडू लागली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. आमच्या काळ्या जमिनीत चुना अधिक आहे, आणि हा खुंट चुनखडीच्या जमिनीत लोह नीट उचलू शकत नाही, हे मला उशिरा समजले. आता मी एडवर्ड गुलाबाच्या खुंटावर डोळे भरतो आणि तो पिवळेपणा पुन्हा दिसलेला नाही. मातीचा विचार खुंट निवडतानाच करावा, एवढे आवर्जून सांगावेसे वाटते.

हुक्केरी

माझे ‘डबल डिलाइट’ या जातीच्या गुलाबाचे झाड तीन वर्षे फुलले आणि मग अचानक बारीक, झुपक्यांची फुले देऊ लागले. डोळ्याच्या खालून खुंटाचा फुटवा आला होता आणि जोमदार वाढ पाहून मीच त्याला खत घातले होते. फुटवा कात्रीने कापल्यास पुन्हा फुटतो. माती बाजूला करून तो उगमापासून ओढून काढावा लागतो.

शहापूर, बेळगाव

मला हे काम शेजारच्या कन्नडभाषक आजोबांनी शिकवले. ते त्याला ‘कण्णु कसी’ म्हणतात. कण्णु म्हणजे डोळा. आपणही डोळाच म्हणतो, हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला होता. त्यांनी सांगितलेली खूण मी अजून पाळते. पंधरा दिवसांनी देठाला बोट लावावे. देठ पिवळा होऊन सहज गळाला, तर डोळा जगला, आणि तो वाळून तिथेच चिकटून राहिला, तर डोळा गेला. त्याआधी पट्टी सोडून आत पाहण्याचा मोह आवरावा. डोळा लागल्याची खात्री झाली की खुंटाचा शेंडा एकदम न छाटता मी तो आधी वाकवून ठेवते आणि डोळा बोटभर वाढल्यावरच वरचा भाग कापते.

या मार्गशीर्षात मी बारा डोळे भरले. नऊंचे देठ गळाले आहेत. उरलेल्या तिघांचे देठ वाळून चिकटले आहेत, पण खुंटांची साल अजून हिरवी आहे. म्हणून येत्या आठवड्यात त्यांच्याच दुसऱ्या बाजूला, थोडे खाली, नवे डोळे भरणार आहे.