मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्ड १०५० टीआय म्हणून घेतलं, जीपीयू-झेड भलतंच नाव दाखवतंय

नमस्कार मंडळी,

भाची आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ब्लेंडरसाठी (थ्रीडी चित्रं बनवायचा प्रोग्रॅम) म्हणून तिने शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सेकंडहँड जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी घेतलं. पीसी जुनाच: चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, विंडोज १०.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव बरोबर येतं. पण एनव्हिडियाच्या साइटवरचा ताजा ड्रायव्हर टाकला की एकतर स्क्रीन काळी, नाहीतर कोड ४३ (अडचण आली म्हणून विंडोजने कार्ड बंद केल्याची सूचना). विक्रेत्याने पेन ड्राइव्हवर दिलेला ड्रायव्हर तेवढा चालतो. डीडीयू या प्रोग्रॅमने जुने ड्रायव्हर पुसले, विंडोज नव्याने टाकलं, कार्डाचे पाय खोडरबराने घासून पुन्हा बसवलं. फरक शून्य.

काल जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम चालवला. नावाआधी चौकटी कंसात ‘फेक’ लिहून येतंय. खाली जीपीयू (कार्डाची मुख्य चिप) जीएफ१०६, शेडर (चिपमधले गणितं करणारे भाग) १९२. कार्डाला मागे निळं व्हीजीए सॉकेट आहे (आमचा मॉनिटर जुना, म्हणून तेव्हा बरंच वाटलं होतं) आणि ६ पिनची पॉवर लागते.

सॉफ्टवेअर चुकीचं ओळखतंय, की कार्डच खोटं आहे? कार्डाचा बायॉस (कार्डातच साठवलेला छोटा प्रोग्रॅम) बदलून काही होईल का? कृपया नीट सांगा, पोरीचं सबमिशन तोंडावर आलंय.

प्रतिसाद १

दादा, जीपीयू-झेड बरोबर आहे. विंडोज नाव घेतं ते बायॉस आणि ड्रायव्हरच्या सांगण्यावरून, आणि ते दोन्ही बदलता येतात. जीपीयू-झेड थेट चिप वाचतं. जीएफ१०६ म्हणजे २०१० सालचं जीटीएस ४५०. खऱ्या १०५० टीआयमध्ये जीपी१०७ चिप असते, शेडर ७६८.

६ पिनवरून काही ठरत नाही, काही खऱ्या कार्डांनाही ती असते. व्हीजीए सॉकेट मात्र मोठी खूण आहे, कारण १० मालिकेच्या चिपमधून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल बाहेर पडतच नाही. जीटीएस ४५० ज्या फर्मी पिढीतलं, तिचे ड्रायव्हर २०१८ मध्ये ३९१ मालिकेवर थांबले, म्हणून नवा ड्रायव्हर टाकला की गोंधळ होतो. मेमरीही बहुधा १ जीबीच असेल; ती भरली की प्रोग्रॅम कोसळेल.

मूळ बायॉस टाकला तर कार्ड जीटीएस ४५० म्हणून सरळ चालेल, पण आजच्या ब्लेंडरला त्याचा उपयोग नाही. आणि पैसे परत मागायचे असतील तर बायॉसला हात लावू नका, हीटसिंकही (चिप थंड ठेवणारा धातूचा भाग) उघडू नका. ‘तुम्हीच काहीतरी केलं’ म्हणायला विक्रेत्याला जागा मिळते. जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट, मागच्या सॉकेटचा फोटो, बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच जपून ठेवा. जाहिरात आधी, ती लगेच काढून टाकतात. विक्रेत्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

धागाकर्ता

खूप आभार. जाहिरात अजून होती, स्क्रीनशॉट घेतला. विक्रेत्याला सगळे फोटो पाठवले. मेसेज वाचलाय, उत्तर नाही. उद्या सकाळी १९१५ ला फोन करतो. कार्ड काढून डब्यात ठेवलंय. ब्लेंडरमध्ये सायकल्स (चित्र तयार करणारा भाग) सीपीयूवर लावून सॅम्पल (दर पिक्सेलमागची गणितं) कमी केले, एका फ्रेमला चाळीस मिनिटं लागतायत. रात्रभर पीसी चालू ठेवतोय, चार फ्रेम तरी सकाळपर्यंत नक्की होतील.