मदत हवी आहे: लॉन पिवळं पडलंय, शनिवारच्या आत हिरवं करायचंय

चाफेकळी_ठाणे:
लॉन पूर्ण पिवळं पडलंय, काही ठिकाणी तर तपकिरी. ह्यांनी रोज पाणी घातलं, खत टाकलं, तरी उलट वाढलंच. त्यात सोसायटीचं पत्र आलंय. मुलगा-सून फिरायला गेलेत, पुढच्या शनिवारी परत येतील, त्याच्या आत हिरवं दिसायला हवं. नर्सरीत जा, माळी बोलवा असलं काही सांगू नका, ते शक्य नाही. नक्की काय टाकायचं तेवढंच सांगा. गूगल करून झालंय.

बाल्कनीवाला:
कुठलं लॉन? मेक्सिकन, कार्पेट की सिलेक्शन वन? जमिनीवर आहे की पोडियमवर? फोटो टाका, फोटोशिवाय काय सांगणार.

खाडीकाठ:
फोटोची गरज नाही. जुलैत लॉन पिवळं पडलं म्हणजे पाणी साचतंय. आमच्या कळव्याच्या घरामागे हेच झालं होतं, मुळं कुजली. आणि तुमचे मिस्टर वरून रोज पाणी घालतायत! पावसाळ्यात लॉनला पाणी कोण घालतं? आधी ते थांबवा, कडेने चर काढा, 'साफ' नावाची बुरशीनाशक पावडर लिटरला २ ग्रॅम घेऊन फवारा.

नेरूळची_माळीण:
चर काढा हे बरोबर, पावडर कशाला लगेच? निंबोळी पेंड टाका. आणि रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी बघा, यंदा आमच्याकडे उच्छाद आहे. त्यांच्यावर मीठ टाकू नका, मातीची वाट लागते.

खाडीकाठ:
निंबोळी पेंडीने कुजलेली मुळं जिवंत होत नाहीत.

नेरूळची_माळीण:
पावडरीनेही होत नाहीत.

मानद_सचिव:
पत्र कोणत्या ठरावानुसार दिलं आहे? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि आपल्या सोसायटीचे उपविधी यांच्या बाहेर जाऊन समितीला काही करता येत नाही. लेखी उत्तर द्या, पोच घ्या. ऐकलं नाही तर उपनिबंधक कार्यालय. तोंडी काही बोलू नका.

चाफेकळी_ठाणे:
पाणी साचायचा प्रश्नच नाही, पाऊसच नाहीये. जून अर्धा झाल्यापासून थेंब नाही. गवत कुठलं ते माहीत नाही, साधं लॉनचं गवत, घराच्या चारी बाजूंनी. ऊन भरपूर, रात्री नऊपर्यंत असतं.

बाल्कनीवाला:
रात्री नऊपर्यंत ऊन??

खाडीकाठ:
ताई, वंदना डेपोपाशी आत्ता पाणी भरलंय. तुम्ही कुठल्या ठाण्यात राहता?

चाफेकळी_ठाणे:
मी चरईतच आहे. लॉन मुलाच्या घरचं आहे, रेडमंडला, सिएटलच्या बाजूला. हे तिकडे गेलेत, मला सासूबाईंना एकटं सोडून जाता आलं नाही. ते फोनवर विचारतात, मी इथे विचारतेय. माळी नको म्हटलं त्यावरून कळायला हवं होतं की. तिकडचे माळ्याचे दर ऐकलेत का कधी?

मानद_सचिव:
मग अधिनियम लागू होत नाही.

टेबललँड:
थंड हवेतलं लॉन ना, मग मी सांगतो. आमचं पाचगणीला घर आहे. उन्हाळ्यात बारीक लाल माती आणि कुजलेलं शेणखत समसमान घेऊन पाव इंचाचा थर द्यायचा, पाणी मारायचं. पंधरा दिवसांत गालिचा.

वाशी_व्हँकुव्हर:
टेबललँड, तिकडे हे चालणार नाही. मी बरीच वर्षं व्हँकुव्हरला काढून आता वाशीला आलोय. सिएटल तिथून गाडीने तीनेक तास, हवा जवळपास तीच. पाचगणीत जूनला पाऊस सुरू होतो, तिथे जूनला संपतो. त्यांचा पावसाळा ऑक्टोबर ते एप्रिल, आणि जुलै हा वर्षातला सगळ्यात कोरडा महिना. पावसाचं शहर म्हणून नाव झालंय, पण वर्षभराचा पाऊस साधारण १००० मिलिमीटर. आपल्याकडे कधीकधी एकट्या जुलैत तेवढा पडतो.

गवतही वेगळं. आपलं सिलेक्शन वन म्हणजे हरळीच, ऊन लागलं की जोमाने वाढते. त्यांच्याकडे रायग्रास आणि फेस्क्यू जातीचं गवत लावतात. ते १५ ते २४ अंशांत खूश असतं. ऊन वाढून माती कोरडी झाली की वरची पाती सोडून देतं आणि बुंध्याशी जीव धरून बसतं. पिवळं दिसतं, मेलेलं नसतं. पावसाला सुरुवात झाली की आपोआप हिरवं होतं. २८ जून २०२१ ला सिएटलला ४२ अंश झाले होते, आमच्याकडेही तीच लाट होती. त्या वर्षी आमच्या गल्लीत एक हिरवं अंगण उरलं नव्हतं. ऑक्टोबरात सगळी परत हिरवी.

पण तुमच्याकडे नुसतं तेवढंच दिसत नाही. रोज पाणी म्हणजे किती वेळ? गवत किती उंचीवर कापलंय? खत कुठलं, किती आणि कसं टाकलं? झाडाच्या सावलीतलं गवतही पिवळं आहे का? आणि पिवळं सगळीकडे सारखं आहे की ठिपके आहेत?

चाफेकळी_ठाणे:
विचारते. आपल्यात आणि त्यांच्यात साडेबारा तासांचा फरक आहे, आत्ता तिकडे मध्यरात्र.

ऐरोलीचा_अण्णा:
तोवर एक विचारू का? कुंडीतला कढीपत्ता वीतभर होऊन थांबलाय. पानं फिकट.

नेरूळची_माळीण:
आंबट ताक, पाण्यात पातळ करून, पंधरा दिवसांनी एकदा. आणि वरचा शेंडा खुडा, फांद्या फुटतील.

खाडीकाठ:
ताकाने मुंग्या होतात. मोठी कुंडी घ्या.

चाफेकळी_ठाणे:
बोलले. पाणी रोज संध्याकाळी दहा मिनिटं, नळीने. गवत मशीनच्या सगळ्यात खालच्या खाचेवर कापलं, म्हणजे पुन्हा लवकर कापायला नको. खत मॉलमधून आणलेली पिशवी, तिच्यावर तीन आकडे आहेत, पहिला ३० च्या वर. भाताला युरिया टाकतात तसं मुठीने फेकलं. मेपलच्या झाडाखाली हिरवं आहे. इतरत्र पिवळं आणि मधेमधे हातभर रुंदीचे तपकिरी डाग.

वाशी_व्हँकुव्हर:
मेपलखाली हिरवं म्हणजे रोग नाही, उन्हाने आणि कोरडेपणानेच झालंय. डाग खताच्या मुठींचे. पहिला आकडा नायट्रोजनचा, ३० म्हणजे जबरदस्त, आणि झोपलेल्या गवताला ते पचत नाही, जाळतं. आता शनिवारपर्यंत काहीही टाकायचं नाही.

मिस्टरांना सांगा, पिवळ्या भागात चिमूटभर गवत धरून ओढा. घट्ट बसलेलं असेल आणि बुंध्याशी पांढरट दिसलं तर जिवंत. सहज हातात आलं तर ते गेलं. डागांवर वेगळं ओढून बघा.

दहा मिनिटांचं पाणी वरच्या अर्ध्या इंचात राहतं आणि उडून जातं, मुळंही मग वरच राहतात. आठवड्याला एक इंच पाणी, दोन वेळांत विभागून, पहाटे. संध्याकाळी नको, पाती रात्रभर ओली राहून बुरशी येते. स्प्रिंकलर लावा, खाली एक पसरट रिकामा डबा ठेवा, अर्धा इंच भरायला किती वेळ लागतो ते बघा. तेवढा वेळ एका खेपेला.

खाडीकाठ:
इंचभर पाणी ऐकायला थोडं वाटतं. १०० चौरस मीटरला २५ मिलिमीटर म्हणजे अडीच हजार लिटर. चार आठवड्यांत दहा हजार लिटरचा आख्खा टँकर. घोडबंदरला लोक प्यायच्या पाण्यासाठी टँकर मागवतात आणि तिकडे गवताला!

जुईनगरकर:
म्हणून म्हणतो नवी मुंबईत या. आमच्या पालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे.

खाडीकाठ:
आलं का मोरबे. प्रत्येक धाग्यात मोरबे.

नेरूळची_माळीण:
पण खाडीकाठचं खरं आहे (पाण्याचं, मोरबेचं नाही). झोपलंय ना गवत, झोपू द्या की. हिरवं दाखवायचा अट्टहास कशाला? उन्हाळ्यात पिवळं राहणं हाच त्या गवताचा स्वभाव असेल तर भांडता कशाला त्याच्याशी. क्लोव्हर (तीन पानांचं बुटकं रोप) पेरा, ते बराच काळ हिरवं राहतं, मधमाश्या येतात.

वाशी_व्हँकुव्हर:
झोपू देणं पूर्ण मान्य. व्हँकुव्हरला तर १ मे ते १५ ऑक्टोबर लॉनच्या पाण्यावर बंधनं असतात. फक्त मधे तीन-चार आठवड्यांनी अर्धा इंच द्यावं, बुंधा सुकून जाऊ नये म्हणून. पण एकच ठरवा. आठवडाभर पाणी घालून जागं करायचं आणि मग सोडून द्यायचं, हे सगळ्यात वाईट. साठवलेली ताकद त्यात संपते. क्लोव्हर किंवा गवत, काहीही पेरायचं तर सप्टेंबरात, आत्ता पेरलेलं जळेल.

आणि स्पष्ट सांगतो, शनिवारपर्यंत हिरवं होणार नाही. नीट पाणी दिलं तरी दोन-तीन आठवडे.

बाल्कनीवाला:
तिकडे गवताला मारायचा हिरवा रंग मिळतो. खरंच. फवारायचा.

चाफेकळी_ठाणे:
रंगबिंग नको, सूनबाई हुशार आहे. ओढून पाहिलं: पिवळं घट्ट आहे, बुंधा पांढरा. डागांवरचं सहज आलं हातात. पण सोसायटीच्या पत्राचं काय करायचं? दंड लिहिलाय त्यात.

मानद_सचिव:
पत्राचा मजकूर कुणी वाचला आहे का? संपूर्ण?

चाफेकळी_ठाणे:
फोटो मागवला. रस्त्याकडेच्या पट्टीत डँडेलियन (पिवळ्या फुलांचं तण) माजलेत ते काढा आणि कचऱ्याचे डबे रस्त्यावरून दिसणार नाहीत असे ठेवा, एवढंच आहे. लॉनच्या रंगाबद्दल अक्षर नाही. ह्यांनी "लॉन" शब्द पाहिला आणि पाईप उघडला.

मानद_सचिव:
मुदत किती?

चाफेकळी_ठाणे:
महिनाअखेर. डबे आजच मागे नेले.

वाशी_व्हँकुव्हर:
डँडेलियन मुळासकट काढा, तुटलं तर पुन्हा फुटतं. आधी तेवढ्या पट्टीला पाणी द्या, मग लांब सुळ्याचं अवजार घालून उपटा. मुलाच्या गॅरेजमध्ये असेल.

चाफेकळी_ठाणे:
ठीक. मग झोपू देतो लॉन, मुलाला आम्हीच सांगू. एकच राहिलं, तुम्ही उंचीचं विचारलं होतंत. पुढच्या वेळी किती ठेवायचं? आणि मशीनची खाच बदलायची कशी, ह्यांना सापडत नाहीये.

वाशी_व्हँकुव्हर:
झोपलंय तोवर कापायचंच नाही. वाढायला लागलं की अडीच ते तीन इंच, आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त नाही. बहुतेक मशीनला चाकांजवळ खटका असतो, कधी प्रत्येक चाकाला वेगळा. आधी मशीन बंद करून प्लग किंवा बॅटरी काढायला सांगा.

ऐरोलीचा_अण्णा:
ताक गाईचं की म्हशीचं?