घटसर्प: गोळ्या घेतात, पण सुई नको म्हणतात

नवी_सेविका

वस्तीत काम सुरू करून मला आठच महिने झालेत, त्यामुळे चुकत असेल तर स्पष्ट सांगा. गेल्या पाच आठवड्यांत घटसर्पाचे सहा रुग्ण निघाले. चार वर्षांचा एक मुलगा गेला. सहांपैकी पाच जणांना लसीचा एकही डोस नाही, सहावीला एकच. पंधरा वर्षांखालची ३१० मुलं आहेत. अठरा दिवसांपूर्वीच्या लसीकरणाच्या पहिल्या फेरीत ११८ आली. दुसरी फेरी दहा दिवसांवर आहे.

रुग्णांच्या घरच्यांना अझिथ्रोमायसिनच्या (जंतू मारणाऱ्या) गोळ्या दिल्या तर मुकाट्याने घेतात. लसीचं नाव काढलं की ‘गोळ्या घेतल्या ना, मग सुई कशाला?’ मी म्हणते, गोळी चोराला हाकलते आणि लस घराला कुलूप लावते. लोक हसतात, दंड मात्र पुढे करत नाहीत. बऱ्या होऊन घरी आलेल्या सहा वर्षांच्या मुलीचे वडील तर म्हणाले, ‘हिला होऊन गेलाय, आता परत होत नाही.’ मला त्यावर काही बोलता आलं नाही. दुसऱ्या फेरीआधी काय करू?

जुनी_बॅटरी

अगं, आधी ते कुलूप काढून टाक. उपमा गोड आहे पण खोटी आहे, आणि साथीत खोटी उपमा अंगाशी येते. लस घेतलेल्या मुलाच्या घशातही हा जंतू राहू शकतो. उद्या अशा एखाद्याचा स्वॅब पॉझिटिव्ह आला की लोक तुलाच विचारतील, ‘कुलूप कुठे गेलं?’ ही लस विषावरची आहे. आजाराच्या नावातच साप आहे, तोच वापर: साप घरात शिरेलही, पण विष चढणार नाही. गोळीने आज घशात असलेला साप मरतो. कोर्स संपल्यावर शेजारच्या घरातून दुसरा आला तर ती गोळी काय करणार? आणि हो, गोळ्या संपर्कातल्या सगळ्यांना, लस झालेल्यांनाही.

त्या वडिलांचं गोवराच्या बाबतीत खरं ठरलं असतं. घटसर्पाचं विष फार थोडं असतं. जीव घ्यायला तेवढं पुरतं, पण शरीराला त्याची ओळख पटायला पुरेलच असं नाही. म्हणून बऱ्या झालेल्यालाही लस लागते. खरं तर घरी सोडतानाच द्यायला हवी होती.

पण मला जास्त काळजी तुझ्या त्या ‘सहा’ची वाटते. सहा शोधलेस की सहा आपणहून आले? मी एकतीस वर्षं साथीच्या रोगांच्या वॉर्डात काढली. बॅटरी आणि जीभ दाबायची पट्टी कायम खिशात. (नातवंडं अजून मला बघितलं की तोंड उघडतात.) घटसर्पाचा ताप बेताचाच असतो, त्यामुळे आया घाबरत नाहीत. पोर नुसतं मलूल पडतं, गिळताना कुरकुरतं, लाळ गळते. घशात राखाडी-पांढरा पडदा दिसतो, टॉन्सिलला घट्ट चिकटलेला. तो खरवडू नकोस, रक्त येतं. मान दोन्ही बाजूंनी फुगली असेल तर तिथूनच गाडी बोलाव. संपर्कातल्या प्रत्येकाचा घसा शेवटच्या संपर्कापासून सात दिवस रोज बघायचा, मास्क लावून.

आणि रिपोर्टची वाट बघायची नाही. फार वर्षांपूर्वी शुक्रवारी संध्याकाळी पाच वर्षांची एक मुलगी आली. घसा बघून मला शंका आली होती, पण डॉक्टर ‘कल्चर येऊ दे’ म्हणाले आणि मी गप्प बसले. एडीएस, म्हणजे अँटीटॉक्सिन, सोमवारी दिलं. पडदा गेला, पोरगी हसायला लागली. बाराव्या दिवशी हृदय थांबलं. अँटीटॉक्सिन रक्तात फिरणारं विष पकडतं. पेशीत शिरलेलं विष त्याला पकडता येत नाही. घोड्याच्या रक्तद्रवापासून बनतं, रिॲक्शन येऊ शकते, म्हणून रुग्णालयातच द्यायचं. पण शंका आली त्याच दिवशी. स्वॅब घेऊन ठेवा, निकाल येईल तेव्हा येईल.

घसे बघत फिरशील तेव्हा सुईचा विषय काढूच नकोस. चौथ्या-पाचव्या दिवशी आयाच विचारतात, ‘बाई, ती सुई कधी?’ सगळ्या नाही, पण बऱ्याच.

शीतपेटी

लससाठा सांभाळतो, म्हणून माझं थोडंसं. सात वर्षांखालच्यांना पेंटाव्हॅलंट किंवा डीपीटी, त्यावरच्यांना टीडी; तिन्हींत घटसर्पाची लस असते. कुप्या वेगवेगळ्या ठेवा, गर्दीत अदलाबदल होते. बर्फाला चिकटून गोठलेली कुपी वापरायची नाही. १८ आणि १० मिळून २८ दिवस, म्हणजे चार आठवड्यांचं अंतर बरोबर पडतंय. एका डोसवर ‘लस झाली’ असं लिहू नका. ११८ पैकी किती परत येतात ते बघा.

मोठ्यांनाही धरा. लहानपणच्या लसीचा जोर ओसरतो. सोव्हिएत संघ फुटला त्या सुमारास, १९९० ते १९९८ मध्ये, तिथल्या देशांत १,५७,००० हून अधिक रुग्ण झाले आणि ५,००० च्या वर दगावले. त्यात प्रौढ भरपूर होते.

तिघांची_आई

मी ‘नकार’ लिहिलेल्या घरातली. थोरल्याला सुई दिल्यावर दोन दिवस ताप आणि मांडीला गाठ. असं होतं हे आधी कुणी बोललंच नव्हतं. मला वाटलं, पोराचं काहीतरी बिघडवलं यांनी. पुढच्या वेळी दार उघडलं नाही. वहीत ‘नकार’ लिहून बाई गेली, का ते विचारलं नाही. धाकटीच्या वेळी दुसरी ताई आली. आधीच म्हणाली, रात्री ताप येईल, गाठ येईल, चोळू नको. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आली, नुसती विचारपूस करायला. म्हणून तिसऱ्यालाही दिली.

त्या गेलेल्या पोराचं उदाहरण मात्र कुणाला पटवायला देऊ नका हो. त्याची आई तिथेच राहते.

नवी_सेविका

कुलूप काढलं, साप ठेवला. चार दिवस घसे बघतेय. काल सातवा सापडला, नऊ वर्षांचा. आई ‘घसा बसलाय नुसता’ म्हणत होती. त्याच दुपारी अँटीटॉक्सिन मिळालं. पहिल्या फेरीतल्या साठेक मुलांच्या घरी ताप-गाठीचं विचारून आले. ‘आत्ता आठवण झाली का?’ म्हणून एकीने चांगलंच सुनावलं, आणि मग जावेच्या दोन्ही मुलांची नावं यादीत घालायला सांगितली.

एक विचारायचं होतं. ती बरी झालेली मुलगी दोन दिवस नाकात बोलतेय. वडील म्हणतात, सर्दी असेल. पाणी प्यायली की नाकातून बाहेर येतं.

जुनी_बॅटरी

सर्दी समजू नकोस. टाळू लुळी पडत असेल, विष नसांपर्यंत पोचलं की असं होतं. उद्यावर टाकू नकोस, आत्ता घेऊन जा. वाटेत तोंडाने काही देऊ नका, श्वासनळीत जाईल. चालवू नका, उचलून न्या. तिथे ईसीजी काढायला सांग, मागे लागून काढून घे, आणि घसा पहिल्यांदा कधी दुखला ती तारीख कागदावर लिहून दे. हा लुळेपणा बहुतेकांचा हळूहळू जातो, तिच्या वडिलांना एवढं गाडीत सांग. पोचलात की इथे लिही.